विषाची वर्णानुक्रमे सूची

मी दिवसाकाठी एकेचाळीस सुस्कारे सोडतो, हे मला निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी कळलं. माझ्या बायकोने ते मोजले होते. तेही एका दिवसाचे नव्हेत. सलग आठवडाभर मोजून तिने सरासरी काढली होती. मला आपलं वाटत होतं की मी नुसता श्वास घेतोय.

"श्वास असा असतो?" ती म्हणाली. "आधी खांदे वर जातात, मग डोळे खिडकीकडे जातात, आणि मग सगळं बाहेर. पडदे हलतात अहो."

पडदे हलत नव्हते. पण मी वाद घातला नाही. वाद घालणं मला जमत नाही. चौतीस वर्षं मी सार्वजनिक ग्रंथालयाच्या तालिका विभागात बसून पुस्तकांची कार्डं लिहिली. पुस्तकाचं नाव, लेखक, विषय, पानं किती, आणि तळाशी 'आणखी पहा'. पुस्तक कसं आहे हे लिहायला त्या कार्डावर जागा नसते. मला ते फार सोयीचं होतं.

"मी आता स्पष्टच सांगते," ती म्हणाली. "ह्या घरातली हवा मला सोसत नाही. तुम्ही रागवत नाही, हसत नाही, काही मागत नाही. नुसते उसासता. ताई एकटीच राहते, ती कधीची बोलावतेय. मी तिच्याकडे जाते. आणि जाताना परतीचं तिकीट काढणार नाही."

ती ओरडून बोलली असती तर मी घाबरलो नसतो. तिचं ओरडणं घरातल्या घड्याळासारखं सवयीचं आहे. पण हे सगळं ती वाटाणे सोलता सोलता, एकही दाणा न सांडता बोलली.

मी भीत भीत लेकीला फोन केला. लेक दूर असते आणि तिच्याजवळ प्रत्येक दुःखावर काहीतरी विकत मिळतं. दोन दिवसांत घरी एक पुठ्ठ्याचं खोकं आलं. 'घरबसल्या शरीर-मन शुद्धी : एकवीस दिवस.' आत एक पुस्तिका, एक छोटी घंटा (ती कशासाठी हे शेवटपर्यंत कळलं नाही) आणि एक संमतिपत्र. संमतिपत्रावर माझी सही, घरातल्या एका व्यक्तीची सही, आणि माझी प्रकृती सुदृढ असल्याबद्दल डॉक्टरांची सही हवी होती. डॉक्टर म्हणाले, "सुदृढ असाल तर हे कशाला करताय? आणि नसाल तर मी सही कशी करू?" शेवटी त्यांनी 'पाहिले' एवढं लिहून सही केली. काय पाहिले ते लिहिलं नाही.

पुस्तिकेतले नियम असे. सकाळी उठल्यावर अर्धा लिटर गाजराचा रस, संध्याकाळी पुन्हा अर्धा लिटर. उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन. एकवीस दिवस वर्तमानपत्र, पुस्तक, बातम्या काही नाही. आणि रोज दुपारी चार वाजता मनातलं विष कागदावर उतरवून तो कागद फाडून टाकायचा. घरच्यांनी तो वाचू नये.

बायकोने सही करण्याआधी पुस्तिका शेवटपर्यंत वाचली. "ठीक आहे," ती म्हणाली. "एकवीस दिवस थांबते. बाविसाव्या दिवशी हीच हवा असली तर मी निघाले. आणि नियम म्हणजे नियम. मधेच सोडलंत तर त्याच दिवशी निघाले."

पहिल्या दिवशी साडेपाचला मी मिक्सर लावला. सहाला सेक्रेटरी दारात उभे होते. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी पूर्वी शाळेत कवायत शिकवत. अजूनही ते जिना चढताना मनातल्या मनात मोजतात, ओठ हलताना दिसतात. "सातच्या आत यंत्र चालवायला समितीची पूर्वपरवानगी लागते," ते म्हणाले. मी मौनात होतो, म्हणून नुसती मान हलवली. "मान काय हलवताय? दोन प्रतींत अर्ज द्या." अर्ज दिला. आठव्या दिवशी परवानगी मिळाली, ती संध्याकाळच्या रसाची. सकाळचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. तोवर मी सकाळी गाजरं हाताने किसून फडक्यातून पिळत होतो. अर्ध्या लिटरला पाऊण तास लागतो. बोटांची सालं गेली.

भाजीवाली तर पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "काका, रोज तीन किलो? ससे पाळलेत का?" मी लाजून हसलो. मला अशा वेळी काय बोलायचं ते नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतं. शेजारी सेक्रेटरी मेथी निवडत होते. दुसऱ्या दिवशी दारावर नोटीस : 'सदनिकेत विनापरवाना प्राणी आढळल्यास...' मी सशांच्या अनुपस्थितीबद्दल अर्ज लिहिला. नसलेल्या प्राण्याचा अर्ज लिहिणं वाटतं तेवढं सोपं नाही. ससे नाहीत असं लिहिलं की वाचणाऱ्याला किती नाहीत असा प्रश्न पडतो.

रसाचं एक वेळ सोसलं. पुस्तकं नसणं सोसवेना. कपाटावर बायकोने चादर टाकून ठेवली होती, आणि त्या चादरीसमोरून मी जाताना मान खाली घालून जात असे. वाचायची भूक लागली की मी औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचायचो, तोही तिने कागद चिकटवून झाकला. राहता राहिलं दुपारी चारचं लिहिणं. दिवसभरात माझ्या वाट्याला आलेली अक्षरं ती तेवढीच.

आणि इथे माझ्या हातून चूक झाली. लिहिलेला कागद फाडणं मला जमत नाही. चौतीस वर्षांत मी एक कार्ड फाडलेलं नाही. ग्रंथालयात संगणक आल्यावर जुनी कार्डं रद्दीत निघाली, तेव्हा निरोपाची भेट म्हणून मला त्यातला एक लाकडी खण कार्डांसकट मिळाला होता. कार्डांची मागची बाजू कोरी होती. मी विष तिथे उतरवायला लागलो. एका तक्रारीला एक कार्ड, वर ठळक शीर्षक, खाली तक्रार, तारीख, आणि तळाशी 'आणखी पहा'. मग वर्णानुक्रमे लावून खणात. फाडण्याऐवजी रचून ठेवलं तर काय बिघडतं, अशी मी मनाची समजूत घातली. विष निदान सापडेल तरी.

हे कबूल करताना मला आजही संकोच वाटतो, पण दुपारी चार ते पाच हा माझा सुखाचा तास होता. सुस्कारे कमी झाले. बायको ते रोज कॅलेंडरवर टिपत होती. बाराव्या दिवशी आकडा एकोणीसवर आला. तिने ताईला फोनवर सांगितलं, "बघू. अजून नऊ दिवस आहेत."

सोळाव्या दिवशी सकाळी मी कचरा टाकायला खाली उतरलो. जिन्यात 'अर्धे डॉक्टर' भेटले. हे एका दवाखान्यात चाळीस वर्षं कंपाउंडर होते आणि उरलेलं अर्धं ज्ञान त्यांनी निवृत्तीनंतर स्वतःच भरून काढलं आहे. त्यांनी माझा हात धरला आणि उजेडाकडे वळवला.

"अरे बापरे! कावीळ!"

मी पाहिलं. तळहात खरोखरच पिवळे होते. पिवळ्याच्याही पुढे, नारिंगीकडे झुकलेले. पुस्तक हातात नसलं की मी हातांकडे बघत नाही, त्यामुळे माझ्या लक्षात आलं नव्हतं. कारण मला लगेच कळलं. पण साडेनऊ वाजले होते. वर दारात बायको उभी होती. तोंडातून एक शब्द गेला की ती त्याच दिवशी निघणार.

मी खुणेने सांगायला लागलो. दोन्ही हातांनी लांब, खाली निमुळतं होत जाणारं काहीतरी दाखवलं. किसण्याची खूण केली. शेवटी दात पुढे काढून कुरतडूनही दाखवलं. बायकोने वरून मौनाचं आणि रसाचं सांगून पाहिलं, पण अर्ध्या डॉक्टरांनी तिचंही वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"वाचा बसली," अर्धे डॉक्टर हळूच म्हणाले. "डोक्यात गेलीय. आणि वहिनी, हे नक्की टाकीच्या पाण्यातून. मी सेक्रेटरींना केव्हाचं सांगतोय, टाकी धुवा, टाकी धुवा."

सतराव्या दिवशी सकाळी अकराला आरोग्य खात्याचा निरीक्षक आला. बरोबर सेक्रेटरी होते. पाण्याच्या टाकीला तोवर सील लागलं होतं आणि नमुना तपासणीला गेला होता. अहवाल यायला तीन दिवस. तीन दिवस इमारतीतल्या चोवीस घरांनी रस्त्यावरच्या नळाचं पाणी भरायचं होतं. माझ्यामुळे. जिन्यात बादल्यांचा आवाज येत होता आणि प्रत्येक बादली माझ्या दारासमोर जरा जोरात टेकवली जात होती.

निरीक्षक सभ्य होता. त्याने फॉर्म उघडला. मी कागद ओढून मोठ्या अक्षरात लिहिलं, 'गाजर.' बोलायला बंदी होती, आणि लिहिणं खरं तर चारनंतरच, पण एवढी सूट मी स्वतःला दिली.

निरीक्षकाने कागद वाचला आणि बाजूला ठेवला. "खाण्यापिण्याचा तपशील एकोणिसाव्या रकान्यात येतो काका. आत्ता आपण चौथ्यात आहोत."

"नियमाने जाऊ द्या ना," सेक्रेटरी म्हणाले.

पाचवा रकाना होता, 'रंग धुतल्यावर जातो का?' त्यासाठी मला साबण लावून हात धुवायला पाठवलं. पिंपात मोजकंच पाणी होतं, ते तांब्याने घेऊन मी न्हाणीघरात प्रामाणिकपणे पाच मिनिटं हात चोळले. तेवढ्यात सहावा रकाना आला : 'गेल्या पंधरा दिवसांत संपर्कात आलेल्या व्यक्तींची यादी.' निरीक्षकाने बायकोला विचारलं. तिला वाटलं, आपण मदत करतोय.

"यादी तयार आहे," ती म्हणाली. "हे रोज माणसांविषयी काहीतरी लिहितात. नावं लावून, अगदी ओळीने."

तिने कार्डांच्या माथ्यावरची नावं तेवढी पाहिली होती. आत काय आहे ते तिने वाचलं नव्हतं, कारण घरच्यांनी वाचू नये असा नियम होता, आणि नियम म्हणजे नियम.

मी हात पुसत बाहेर आलो तेव्हा कोपऱ्यातल्या मेजावर खणाच्या जागी फक्त धुळीची चौकट होती.

"चांगली यादी आहे काका," निरीक्षक म्हणाला. "प्रत्येकाला कळवल्याची सही लागते. सेक्रेटरी घेऊन गेलेत दारोदार. एकाला एक कार्ड, मागे सही. फार सोपं झालं."

मी खुर्चीत बसलो. बाराला वीस मिनिटं होती. पुढचे रकाने मी कसे भरले ते मला आठवत नाही. बारा वाजून चार मिनिटांनी एकोणिसावा रकाना आला.

"गाजर," मी म्हणालो. "रोज एक लिटर. सतरा दिवस."

निरीक्षकाने पेन खाली ठेवलं. "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

दुपारी सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझी खालची पापणी ओढली. "डोळे पांढरे आहेत. कावीळ वगैरे काही नाही. गाजर बंद करा, उतरेल रंग." सगळं मिळून अर्धं मिनिट. पण टाकीचं सील काढायला नमुन्याचा अहवाल लागतो, आणि अहवाल तीन दिवसांनीच येतो.

आम्ही परतलो तेव्हा लोक खाली नळाशी रांगेत उभे होते. प्रत्येकाच्या एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात माझं अक्षर.

मी आयुष्यात कुणाला टाकून बोललो नाही. त्या दिवशी मी चोवीस घरांना एकदम बोललो होतो, तेही सुवाच्य.

सेक्रेटरी पुढे आले. त्यांच्या कार्डावर लिहिलं होतं : 'सेक्रेटरी. मी जिन्यात नमस्कार केला की घड्याळ पाहतात. अकरा वेळा. आणखी पहा : लिफ्ट.'

"'लिफ्ट'खाली काय आहे?" त्यांनी दरडावून विचारलं.

"लिफ्टमध्येही पाहता," मी म्हणालो.

सवयीने मनगट वर आलं होतं, ते त्यांनी हळूच खाली घेतलं.

अर्ध्या डॉक्टरांना वेगळाच राग होता. त्यांच्या कार्डावर होतं : 'माझं वाक्य पुरं व्हायच्या आत औषध सांगतात.' ते म्हणाले, "हे साफ खोटं आहे. मी नेहमी..."

"अहो, तसं नाही, मला फक्त..."

"ॲसिडिटी आहे तुम्हाला," ते म्हणाले. "त्यामुळे असे विचार येतात."

तिसऱ्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई मात्र रांग सोडून जवळ आल्या. त्यांच्या कार्डावर मी लिहिलं होतं : 'गातात. तक्रार ती नाही. मी दारावरून जाताना थांबतात.'

"तुम्हाला त्रास होत असेल म्हणून थांबायचे मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही इतका मोठा सुस्कारा टाकता तिथे."

"तो गाण्यासाठी असतो," मी म्हणालो. पण तोवर त्यांची बादली भरली होती.

दुसऱ्या दिवशी खण परत आला. काही कार्डांवर सह्या होत्या, काहींवर दुरुस्त्या, एकावर 'तूच तसा' असं लिहिलेलं होतं. आता वाचू नये हा नियम कुणीच पाळला नसल्यामुळे बायकोही खण मांडीवर घेऊन बसली. मी समोर बसलो. माझी तयारी होती. मला वाटत होतं, ती चिडेल की मी साध्या माणसांविषयी हे असलं लिहितो.

तिने एकेक कार्ड पुढे सारलं. तास गेला. ह्या बाईने माझ्याबरोबर अडतीस वर्षं काढली आहेत. खण कसा पाहायचा हे तिला कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा चांगलं कळतं.

"'मी' ह्या शीर्षकाखाली त्रेसष्ट कार्डं आहेत," ती म्हणाली.

"हो. ते जरा जास्तच झालं."

"माझं कुठे आहे?"

"तुझं नाही."

"मी 'बायको' पाहिलं. 'पत्नी' पाहिलं. माझं नाव पाहिलं, माहेरचंही पाहिलं. म्हटलं, 'पहा' म्हणून दुसरीकडे पाठवलं असेल. भाजीवालीची दोन आहेत. टपालवाल्याचं आहे. समोरच्या झाडाचं आहे."

"अगं, तुझ्याबद्दल माझी काही तक्रारच नाही," मी म्हणालो. खरं सांगतो, त्या क्षणी मला थोडा अभिमान वाटला. अडतीस वर्षांनंतर किती नवरे असं लेखी पुराव्यासह म्हणू शकतात?

तिने खण बंद केला.

"मी रोज ओरडते. टोचून बोलते. तुमच्या वस्तू हलवते. तुमची पुस्तकं चादरीखाली घातली. त्यातलं तुमच्यापर्यंत काहीच पोचत नाही? झाडाचा राग येतो आणि माझा येत नाही? मी काय भिंत आहे?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

मी म्हणालोच, मला दुसऱ्या दिवशी सुचतं. नकळत माझे खांदे वर गेले, डोळे खिडकीकडे गेले. तिने कॅलेंडरकडे न पाहताच पेन्सिल खाली ठेवली. त्यानंतर तिने मोजायचं सोडलं, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

एकवीस दिवस मात्र ती थांबली. शब्द दिला होता. विसाव्या दिवशी टाकीचा अहवाल आला, पाणी उत्तम होतं. त्याच दिवशी समितीकडून सकाळच्या मिक्सरची परवानगीही आली. एकविसाव्या दिवशी शुद्धीवाल्यांचा फोन आला. एका गोड आवाजाच्या मुलीने अभिनंदन केलं आणि विचारलं, "आता आतून रिकामं वाटतंय का काका?" मी हो म्हणालो.

बाविसाव्या दिवशी मी तिची बॅग घेऊन बसथांब्यावर गेलो. सकाळची गर्दी होती. ती खिडकीशी बसली. बॅग जड नव्हती, ह्याचं मला बरं वाटावं की वाईट ते ठरत नव्हतं. कमी सामान म्हणजे लवकर परत येणार, की इथलं काहीच नको?

"एक तरी लिहा," ती खिडकीतून म्हणाली. रस्त्याकडे पाहत. "एक. खरं. मग मी जाते."

खिशात एक कोरं कार्ड होतं. मी ते थांब्यावरच्या बाकावर, मघाशी बॅग ठेवली होती तिथे, ठेवून वाकलो. वर तिचं नाव लिहिलं. मग बराच वेळ काही आलं नाही. वाहक चढला, घंटी वाजली. घंटी वाजली तशी मी भराभर लिहिलं : 'माझं पान संपायच्या आत दिवा बंद करते. अडतीस वर्षं.' पेन इतकं दाबलं की अक्षरं कार्डाच्या पलीकडे उमटली, आणि नवल म्हणजे ते मी रागाने दाबलं होतं. मी कार्ड खिडकीतून आत दिलं. बस हलली. ती वाचत होती. मला तिचा चेहरा दिसला नाही, फक्त मान खाली घातलेली दिसली.

त्यानंतरचे दोन दिवस मी चादर काढून पुस्तकं उघडली. वाचवेना. पान संपलं की मी थांबत असे. कुणी काही बंद करत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी फोन वाजला.

"तुम्ही झोपलेले असता!" ती म्हणाली. 'पोचले' नाही, 'कसे आहात' नाही, काही नाही. "पुस्तक नाकावर असतं. म्हणून बंद करते मी दिवा!"

"मी विचार करत असतो," मी म्हणालो.

"घोरत?"

"एखादं वाक्य डोळे मिटून पुन्हा मनात म्हणून बघतो मी! तेवढ्यात तू खटका दाबतेस! अडतीस वर्षांत एकदा तरी विचारलंस का, की झालं का तुमचं?" मी उभा होतो. मी केव्हा उभा राहिलो ते मला कळलं नव्हतं. माझा आवाज इतका चढला होता की खालून अर्ध्या डॉक्टरांनी "कुणाला काय झालं?" असं विचारलं. मी त्यांनाही "गप्प बसा" म्हणालो.

मला वाटलं, संपलं. आता ती तिकडेच राहणार.

"आणि चष्मा कोण काढून ठेवतं तुमचा?" ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तो काय आपोआप डबीत जातो?"

मी नाकावरचा चष्मा चाचपला. चष्म्याचं मला खरंच कधी सुचलं नव्हतं.

"हे असं फोनवर नाही जमायचं," ती म्हणाली. "तोंड दिसत नाही तुमचं. लागलं की नाही ते कळत नाही. शनिवारच्या बसने येते मी. पण हे बघा, मी एवढा प्रवास करून भांडायला येणार आणि तुम्ही सुस्कारे सोडत बसणार असाल, तर उगाच माझा वेळ घालवू नका. काही तयार असेल तरच येते. आहे?"

"आहे," मी म्हणालो. "बरंच आहे."

फोन ठेवून मी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा समोर घेतला आणि वरच्या कार्डावर तिचं नाव लिहिलं. शनिवारला चार दिवस होते. माझ्याजवळ तक्रार एकच होती, आणि चष्म्यामुळे आता तीही राहिली नव्हती.